लंगर दिसतो, मग हक्काचा अर्ज का दिसत नाही?

मराठी वृत्तपत्रे, साप्ताहिके आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना,



मी नांदेडची रहिवासी आणि तुमची रोजची वाचक. कुठे महापूर आला, भूकंप झाला किंवा युद्धातले निर्वासित सीमेवर अडकले, की दोन-तीन दिवसांत तुमच्या पानावर एक छायाचित्र येते. पगडी बांधलेला तरुण, हातात पळी, समोर मोठे पातेले आणि खाली कौतुकाच्या दोन ओळी. छायाचित्र खरे असते, कौतुकही मनापासून असते. पण त्याच समाजाची माणसे, पुष्कळदा त्याच संस्थेची, हक्काचा अर्ज घेऊन न्यायालयात किंवा सरकारी कचेरीत उभी राहतात तेव्हा तुमच्या पानावर ती दिसत नाहीत. दिसलीच तर संशयाच्या सुरात दिसतात. शिखाने वाढलेले अन्न आपल्याला आवडते आणि त्याने मागितलेला न्याय आपल्याला अडचणीचा वाटतो, ही माझी तक्रार आहे. ती मी मुद्देसूद मांडते आणि प्रत्येक तक्रारीसोबत एक विनंतीही करते.

आधी एका संस्थेची ओळख करून देते. युनायटेड सिख्स ही संस्था १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. क्वीन्स भागात राहणाऱ्या गरीब स्थलांतरित कुटुंबांना आधार द्यावा, एवढाच सुरुवातीचा हेतू होता. पुढे २००४ ची त्सुनामी, २००५ मधले कतरिना चक्रीवादळ आणि त्याच वर्षीचा काश्मीरचा भूकंप, २०१० मधला हैतीचा भूकंप, अशा अनेक ठिकाणी तिचे स्वयंसेवक मदत घेऊन गेले. याच संस्थेचा दुसरा विभाग कायद्याचे काम करतो. पगडीमुळे नोकरी नाकारली, शाळेतून काढले, विमानतळावर अपमान झाला, तर तो त्या माणसाच्या बाजूने उभा राहतो. मदतीचे ट्रक आणि न्यायालयातले अर्ज एकाच संस्थेतून निघतात.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही, निदान आम्हा नांदेडकरांना तरी. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग इथे आले, तेव्हा गोदावरीकाठी माधोदास नावाच्या बैराग्याचा मठ होता. तो बैरागी पुढे बंदा सिंग बहादूर झाला आणि इथूनच पंजाबला गेला. त्याच्या मुद्रेवर देग आणि तेग, म्हणजे अन्नाचे भांडे आणि तलवार, या दोन्हींचा जयजयकार कोरलेला होता. भुकेल्याला जेवू घालणे आणि अन्यायाला अडवणे ही शीख परंपरेत दोन वेगळी खाती नाहीत. तुम्ही मात्र ती वेगळी केलीत आणि एकच खाते वाचकांपुढे ठेवले.

पहिली तक्रार: हक्काची लढाई तुमच्याकडे बातमी ठरत नाही.

फ्रान्सने १५ मार्च २००४ रोजी सरकारी शाळांमध्ये ठळक धार्मिक चिन्हे वापरण्यावर बंदी घालणारा कायदा केला. तुमच्याकडे चर्चा झाली ती हिजाबची. पण पॅरिसजवळच्या बोबिन्यी गावात बिक्रमजीत सिंग या शीख विद्यार्थ्याला, केसांवर साधी केस्की, म्हणजे छोटी पगडी, बांधली म्हणून, वर्गात बसू दिले गेले नाही आणि नोव्हेंबर २००४ मध्ये शाळेतून काढून टाकले गेले. त्याच देशात रणजीत सिंग नावाचे एक वृद्ध निर्वासित होते. रहिवासी कार्डासाठी उघड्या डोक्याचा फोटो द्या, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. कार्ड नाही म्हणून सरकारी आरोग्यसेवा आणि इतर सवलतीही गेल्या. म्हातारपणी हा माणूस औषधपाण्याला मुकला, तो एका फोटोपायी.

युनायटेड सिख्सने ही प्रकरणे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपुढे नेली. २०११ मध्ये समितीने रणजीत सिंग यांच्या बाजूने मत दिले. तिचा युक्तिवाद सोपा आणि पटणारा आहे. पगडीने चेहरा झाकला जात नाही. जो माणूस कायम पगडीतच असतो, त्याची ओळख पगडीसह फोटोने अवघड कशी होते, हे फ्रान्सला सांगता आले नाही. उलट उघड्या डोक्याचा फोटो कार्डावर असेल, तर दर तपासणीच्या वेळी त्याला पगडी उतरवायला लावली जाण्याची भीती राहील. २०१२ मध्ये बिक्रमजीतच्या प्रकरणात समितीने सांगितले, की त्या मुलाच्या वागण्याने कुणाच्या हक्काला किंवा शाळेच्या शिस्तीला धोका झाला असे दिसत नाही. तो विशिष्ट गटातला आहे, एवढ्यावरून त्याला कायमचे काढणे अन्यायाचे आहे. फ्रान्सने त्यानंतरही आपला कायदा बदललेला नाही.

२०२२ मध्ये कर्नाटकात हिजाबचा वाद पेटला. उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर बंगळुरूतल्या एका अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेल्या, शीख विद्यार्थिनीलाही पगडी काढायला सांगण्यात आले. तेव्हा आपल्याकडे पानेच्या पाने मजकूर छापून आला. संयुक्त राष्ट्रांच्या समितीचे हे तर्क आधीच मराठी वाचकांपर्यंत पोचले असते, तर ती चर्चा अधिक समंजस झाली असती. माझी विनंती अशी: शीख संस्थेच्या मदतकार्याला जितकी जागा देता, तितकीच तिच्या एखाद्या खटल्याला द्या. निकाल काय लागला आणि का लागला, हे सोप्या मराठीत सांगा.

दुसरी तक्रार तुमच्या मथळ्यांविषयी आहे.

अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर चौथ्याच दिवशी, १५ सप्टेंबर २००१ रोजी, ॲरिझोनातल्या मेसा शहरात बलबीर सिंग सोढी यांना त्यांच्या पेट्रोल पंपाबाहेर गोळ्या घालण्यात आल्या. ५ ऑगस्ट २०१२ रोजी विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीक गुरुद्वारात एका वंशवाद्याने सहा जणांना मारले. त्यात जखमी झालेले एक बाबाजी पुढे आठ वर्षे अंथरुणावर काढून २०२० मध्ये गेले. अशा घटनांच्या बातमीत तुमच्याकडे हमखास एक वाक्य असते: मुस्लिम समजून शिखावर हल्ला. सिख कोअलिशनसारख्या अमेरिकेतल्या शीख संघटनांनी याच मांडणीला पुन्हा पुन्हा हरकत घेतली आहे. मारेकऱ्याचा नेम चुकला, असा तिचा अर्थ होतो. नेम मुस्लिम माणसावर लागला असता, तर ते बरोबर ठरले असते का? या संघटनांनी स्वतःच्या बचावासाठी शेजाऱ्याकडे बोट दाखवले नाही. रक्ताने माखलेल्या दिवसांतही त्यांनी ही भूमिका सोडली नाही, याची दखल आपल्याकडे घेतली गेली नाही.

त्या काळात अमेरिकेच्या एफबीआयच्या द्वेषगुन्ह्यांच्या नोंदीत शीख असा रकानाच नव्हता. ओक क्रीकमध्ये आई गमावलेल्या एका मुलाने सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली आणि आपल्या आईची निदान नोंद तरी व्हावी, अशी मागणी केली. शीख संघटनांनी हा मुद्दा लावून धरला. २०१५ पासून एफबीआय शीखविरोधी गुन्ह्यांची वेगळी नोंद करू लागली आणि त्याच वेळी हिंदूविरोधी आणि अरबविरोधी गुन्ह्यांचीही. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबावर उद्या हल्ला झाला, तर त्याची मोजदाद होईल, यामागे पगडीवाल्यांच्या या खटपटीचा मोठा वाटा आहे. २०१७ मध्ये कॅन्सस राज्यात हैदराबादच्या श्रीनिवास कुचिभोतला या अभियंत्याला वंशद्वेषातून मारले गेले. परदेशातल्या कुठल्याही भारतीयाला हा प्रश्न परका नाही. पुढे २०२० च्या अमेरिकी जनगणनेत शिखांसाठी स्वतंत्र सांकेतिक क्रमांक आला. युनायटेड सिख्सने त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. जे मोजले जात नाहीत, त्यांच्यासाठी दुभाषा मिळत नाही, आरोग्याची आकडेवारी तयार होत नाही आणि निधीही येत नाही. विनंती ही, की द्वेषातून झालेल्या हल्ल्याला गैरसमजाचा प्रकार ठरवू नका. मारणाऱ्याच्या मनात द्वेष होता, तेवढेच लिहा.

तिसरी तक्रार: सगळ्या शीख संघटनांना तुम्ही एकाच गोणीत भरता.

परदेशात फुटीरतावादी गट आहेत, हे मी नाकारत नाही. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या कनिष्क विमानात घातपाताने ३२९ माणसे मेली. त्यांच्या नातेवाइकांचे दुःख कुणी हलके करू नये, आणि अशा गटांवर लिहिणे पत्रकाराचे कर्तव्यच आहे. पण शाळेतल्या मुलाच्या केस्कीसाठी वकील देणारी संस्था, पूरग्रस्तांना अन्न पोचवणारी संस्था आणि फुटीरतेचा प्रचार करणारा गट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्या बातमीत मात्र नाव न घेता परदेशी शीख संघटना असे सरसकट म्हटले जाते. युनायटेड सिख्स न्यूयॉर्कची. खालसा एड ब्रिटनची, कोसोव्होच्या निर्वासितांना मदत करताना १९९९ मध्येच रवी सिंग यांनी सुरू केलेली. सिख कोअलिशन २००१ च्या हल्ल्यानंतर उभी राहिली आणि मुख्यतः नागरी हक्कांचे काम करते. तिघींचे काम वेगळे, कारभार वेगळा.

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने पतियाळ्यात खालसा एडशी संबंधित ठिकाणी झडती घेतली. झडतीची बातमी ठळक आली. तपास कुठवर गेला, आरोपपत्र दाखल झाले की नाही, याची बातमी मी शोधत राहिले. तपास यंत्रणेने आपले काम करावे. पण झडती म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, हे वाचकाला सांगण्याची जबाबदारी तुमची आहे.

या संस्थांना अवघड प्रश्न विचारू नका, असे मी म्हणत नाही. जरूर विचारा, पण हिशोबाचे विचारा. अमेरिकेतल्या धर्मादाय संस्थांची वार्षिक विवरणपत्रे लोकांना पाहता येतात. ब्रिटनमध्ये धर्मादाय आयोगाकडे जमाखर्च द्यावा लागतो आणि तो संकेतस्थळावर वाचता येतो. किती पैसा आला, प्रत्यक्ष मदतीवर किती गेला, पगारावर किती गेला, हे तुमचा वार्ताहर घरबसल्या तपासू शकतो. त्यात गडबड आढळली तर पहिल्या पानावर छापा. विनंती एवढीच, की संशय लिहाल तर कागदावरून लिहा आणि संस्थेचे नाव घेऊन लिहा.

चौथी तक्रार आपल्या देशातल्या हक्कांच्या लढाईबद्दल आहे.

जसवंत सिंग खालरा हे अमृतसरचे बँकेतले अधिकारी. १९९० च्या दशकात पंजाबात बेपत्ता होणाऱ्या तरुणांचा शोध घेताना त्यांनी स्मशानभूमीतल्या नोंदवह्या तपासल्या. पोलिसांनी बेवारस म्हणून आणलेली प्रेते, त्यांच्यासाठी विकत घेतलेली लाकडे, तारखा, संख्या, सगळे कागदावर होते. ६ सप्टेंबर १९९५ रोजी त्यांना राहत्या घराबाहेरून पळवून नेण्यात आले आणि पुढे ठार मारण्यात आले. सीबीआयच्या तपासात एकट्या अमृतसर जिल्ह्यातल्या तीन स्मशानभूमींत २,०९७ बेकायदा दहने झाल्याचे आढळले. त्यांतली १,२३८ प्रेते कुणाची, हे त्या तपासात कळले नव्हते. खालरा यांच्या हत्येबद्दल पोलिसांना शिक्षा झाल्या आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायम केल्या. हा आरोप नाही, हा न्यायालयात सिद्ध झालेला इतिहास आहे. त्या वर्षांत दहशतवाद्यांनीही निरपराध माणसे मारली, बसमधून उतरवून मारली. तेही सांगितलेच पाहिजे. पण एक सांगताना दुसरे गाळणे योग्य नाही. खालरांच्या आयुष्यावरचा चित्रपट सेन्सॉर बोर्डाकडे अडकला तेव्हा मनोरंजनाच्या पानावर त्याची चार ओळींची बातमी वाचली. खालरा कोण होते, हे त्यात नव्हते. विनंती आहे, की या माणसाची नीट ओळख करून देणारा एक तरी दीर्घ लेख छापा. संत नामदेवांच्या, पंजाबातल्या घुमानला २०१५ मध्ये आपण ८८ वे मराठी साहित्य संमेलन भरवले, भाषणांत पंजाबला आपले भावंड म्हटले. भावंडाच्या दुःखाची निदान विचारपूस तरी करावी.

पाचवी तक्रार माझ्या गावाची.

२०२० च्या टाळेबंदीत यवतमाळ जिल्ह्यातल्या करंजीजवळ, नागपूर-हैदराबाद महामार्गावर, बाबा कर्नैलसिंग खैरा यांच्या लंगराने पायी आणि ट्रकने गावी निघालेल्या लाखो मजुरांना जेवू घातले. ऐंशी ओलांडलेल्या बाबांचे कौतुक देशभर झाले, तुमच्याकडेही झाले. त्याच टाळेबंदीत, एप्रिलमध्ये, नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात अडकलेले सुमारे चार हजार यात्रेकरू पंजाबला परतले आणि त्यांच्यापैकी अनेकांना कोरोनाची लागण झाल्याचे उघड झाले. लगेच नांदेडहून आलेले यात्रेकरू हा साथीचा उगम असल्यासारखे कार्यक्रम वाहिन्यांवर सुरू झाले. महिनाभर एका जागी अडकून पडलेली, चाचणीची सोय नसलेली ती माणसे होती. खाऊ घालणारा शीख संत ठरला आणि आजारी पडलेला शीख दोषी ठरला, तेही एकाच टाळेबंदीत.

दुसरी गोष्ट अलीकडची. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नांदेड गुरुद्वाऱ्याच्या १९५६ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याचे ठरवले. गुरुद्वारा बोर्डावर सरकारने नेमलेल्या सदस्यांचे बहुमत होईल, म्हणून इथल्या शिखांनी मोर्चे काढले आणि सरकारला तो निर्णय थांबवावा लागला. हे शीख पिढ्यान्‌पिढ्या गोदावरीकाठी राहणारे आहेत, घराबाहेर मराठी बोलणारे आहेत. त्यांचा हा लढा मी वाचत असलेल्या राज्य आवृत्त्यांत जिल्हा वार्तापत्राच्या वर सरकला नाही. दसऱ्याच्या हल्लाबोल मिरवणुकीची छायाचित्रे मात्र दरवर्षी रंगीत येतात. विनंती अशी: नांदेडच्या वार्ताहराला हल्लाबोलच्या छायाचित्रापलीकडेही जागा द्या. कायदा काय होता, बदल काय होता, विरोध का झाला, हे राज्याला कळू द्या.

सहावी आणि शेवटची तक्रार विनोदांची.

दिवाळी अंकांत, रविवारच्या पुरवण्यांत, रेडिओवर आणि वाहिन्यांवर सरदारजींचे विनोद अजून सुरू आहेत. दिल्लीच्या एका शीख महिला वकिलांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. २०१७ मध्ये न्यायालयाने सांगितले, की लोकांनी कसे वागावे याची नैतिक नियमावली आम्ही घालून देऊ शकत नाही. न्यायालयाचे म्हणणे मला पटते. विनोदावर बंदी मलाही नको. पण काय छापायचे आणि काय नाही, हे ठरवायला संपादकाला न्यायालयाची गरज नसते. इतर कित्येक समाजांवरचे टवाळ विनोद तुम्ही आपण होऊन बंद केलेत. पगडीवाल्याला बारा वाजल्यावरून चिडवणारे मूल घरातल्या मासिकातूनच ते शिकते. तेच मूल मोठे होऊन शीख सहकाऱ्याच्या हक्काच्या तक्रारीला हसते. विनंती आहे, की हे विनोद आजपासून बंद करा. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

संपादकहो, तुम्ही हे सारे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. लंगरचे छायाचित्र मिळवायला वेळ लागत नाही. समितीचा निर्णय वाचायला, वकिलाशी बोलायला, जमाखर्च तपासायला वेळ आणि माणूस लागतो. बातमीदारांची संख्या घटते आहे, हेही मला माहीत आहे. पण शिखांकडून आपण फक्त सेवा घ्यायची आणि त्यांच्या हक्काच्या वेळी मान वळवायची, हा व्यवहार न्यायाचा नाही. ज्या समाजाचा हात आपत्तीत आपल्यापर्यंत पोचतो, त्याचा अर्जही आपल्यापर्यंत पोचला पाहिजे.

माझ्या सहाही विनंत्यांना पैसा फारसा लागत नाही. पुढच्या वेळी पळी हातात घेतलेल्या शिखाचे छायाचित्र छापाल, तेव्हा ती संस्था न्यायालयात कशासाठी लढते आहे, हे शोधून त्याखाली चार वाक्ये लिहा. तेवढ्याने सुरुवात होईल.



आपली नम्र,
एक वाचक, नांदेड